घड्याळाचा भरवसा

महाग वस्तू टिकाऊ असते आणि टिकाऊ वस्तू कमी त्रास देते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. सागवानी कपाट, पितळेची भांडी, चांगल्या विणीची पैठणी यांच्या बाबतीत तो बराचसा खराही ठरतो. एकदा पैसे मोजले की पुढची दोन-तीन दशके त्या वस्तूंकडे फारसे पाहावे लागत नाही. किल्लीवर किंवा हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या उंची यांत्रिक घड्याळाला मात्र हा नियम लागू पडत नाही. लाखो रुपये देऊन घेतलेले स्विस घड्याळ रोज दोन-चार सेकंद पुढे किंवा मागे जाते, त्याला काही वर्षांनी उघडून साफ करावे लागते आणि त्या एका साफसफाईच्या खर्चात साधी बॅटरीची घड्याळे डझनांनी येतील. उलट काही शे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याकाठी फार तर पंधरा-वीस सेकंदांची चूक करते आणि दोन-तीन वर्षांनी एक सेल मागते, एवढेच.

मग या महाग घड्याळाचा भरवसा म्हणतात तो कशाचा? ते बिघडत नाही याचा, की बिघडले तरी पुन्हा चालू करता येते याचा? या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांतील फरक समजून घ्यायचा तर प्रथम घड्याळाच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे.

यांत्रिक घड्याळात शक्तीचा साठा एका गुंडाळलेल्या पट्टीत असतो. तिला मुख्य कमान किंवा मेनस्प्रिंग म्हणतात. ती उलगडू लागली की दातेरी चक्रांची एक साखळी फिरू लागते. ही शक्ती मोकळी सोडली तर काटे गरगर फिरून क्षणात थांबतील. म्हणून साखळीच्या शेवटी एक पहारेकरी बसवलेला असतो. त्याचे नाव एस्केपमेंट. तो शक्तीला एका वेळी एकच दाता पुढे जाऊ देतो. हे सोडणे-अडवणे कोणत्या लयीत व्हावे हे ठरवते ते बॅलन्स व्हील, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर मागे-पुढे झुलणारे एक लहानसे चाक. आपण कानाशी धरून ऐकतो ती टिकटिक म्हणजे या पहारेकऱ्याच्या दारावरची थाप होय.

आजच्या बऱ्याच घड्याळांत ही थाप ताशी २८,८०० वेळा, म्हणजे सेकंदाला ८ वेळा पडते. दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला पंचवीस कोटींहून अधिक! पाच वर्षांत हाच आकडा सव्वाशे कोटींच्या पुढे जातो. मोटारीच्या इंजिनाला रात्री तरी विसावा मिळतो. मनगटावरच्या या यंत्राला तोही नाही. शिवाय हे यंत्र कधी उताणे, कधी आडवे, कधी उभे असते. थंडीत गारठते, उन्हात तापते आणि टाळी वाजवली तरी हादरे खाते. एवढे होऊनही ते दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत पाच-सहा सेकंदांपेक्षा अधिक चुकत नाही, हीच खरी नवलाची गोष्ट आहे.

या अचूकतेसाठी मापदंड ठरलेले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ साली स्थापन झालेली 'कॉस्क' ही संस्था घड्याळाचे यंत्र पंधरा दिवस पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांत तपासते. दररोजची सरासरी चूक ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या मर्यादेत राहिली, इतर कसोट्याही पार पडल्या, तरच त्या यंत्राला 'क्रोनोमीटर' हे बिरुद मिळते. काही कंपन्या याहून कडक कसोटी लावतात. रोलेक्स कंपनी २०१५ सालापासून आपल्या घड्याळांसाठी दिवसाला २ सेकंद मागे किंवा पुढे एवढीच सूट देते. तरीही सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकाशी या यंत्रांची बरोबरी होऊ शकत नाही. तेव्हा केवळ अचूक वेळ हवी म्हणून आज कोणी उंची यांत्रिक घड्याळ घेत असेल तर तो व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल.

एके काळी मात्र स्थिती अगदी निराळी होती. अठराव्या शतकात समुद्रावर रेखांश काढण्यासाठी भरवशाचे घड्याळ लागे. ते चुकले तर जहाज खडकावर आपटण्याची भीती. इंग्लंडच्या जॉन हॅरिसनचे चौथे घड्याळ १७६१-६२ साली जमैकाच्या सफरीवर गेले आणि ८१ दिवसांत सुमारे ५ सेकंदच चुकले. लार्कम केंडॉलने त्याची नक्कल १७६९ साली पूर्ण केली. तिला ४५० पौंड पडले आणि कॅप्टन कुकने ती १७७२-७५ च्या सफरीवर नेली. त्या काळी ती प्रचंड रक्कम होती, पण ती अचूकतेसाठी मोजली गेली होती. महाग म्हणजे अधिक अचूक, हे समीकरण पुढे दोनशे वर्षे टिकले.

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि हे समीकरण कोलमडले. गंमत अशी की त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका लहान मोटारीएवढी होती. पण इलेक्ट्रॉनिक वस्तू ज्या वेगाने स्वस्त होतात त्या वेगाने क्वार्ट्झही स्वस्त झाले. स्विस घड्याळ उद्योगात १९७० साली सुमारे ९०,००० माणसे होती. ऐंशीच्या दशकात ती तीस हजारांच्या आसपास उरली. गावेच्या गावे ओस पडल्यासारखी झाली. त्या पडझडीतून यांत्रिक घड्याळ वाचले ते निराळा वेश घेऊन. गरजेची वस्तू म्हणून त्याचा शेवट झाला. हस्तकौशल्याची, प्रतिष्ठेची आणि वारशाची वस्तू म्हणून ते पुन्हा जन्मले. २०२० साली युनेस्कोने स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवरील जुरा पर्वतराजीतील यांत्रिक घड्याळ-कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते याच नव्या जन्माचे प्रमाणपत्र समजता येईल.

आता बिघाडाकडे वळू. यांत्रिक घड्याळाचा पहिला शत्रू म्हणजे वाळणारे तेल. चक्रांचे केसाएवढे बारीक आस माणकाच्या छिद्रांत फिरतात. 'सतरा ज्वेल' असे तबकडीवर छापलेले असते ते या माणकांबद्दल. ती मौल्यवान नसतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती कृत्रिम रीतीने बनतात. ती घालायची ती शोभेसाठी नव्हे, तर घासून झिजू नयेत म्हणून. प्रत्येक छिद्रात तेलाचा एक सूक्ष्म थेंब असतो. पूर्वी हे तेल डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्यांच्या जबड्यातील चरबीपासून काढीत आणि ते लवकर घट्ट होई. आजची कृत्रिम तेले पुष्कळ अधिक टिकतात, पण अमर नाहीत. तेल सुकले की धातूवर धातू घासतो, त्याची पूड होते आणि ती पूड कानशीसारखी उरलेला भाग खाऊ लागते. दुर्दैवाने घड्याळ तोवर चालतच असते! त्यामुळे मालकाला वाटते की सारे ठीक आहे. आस झिजल्यावर तेलपाणी करून भागत नाही. भाग बदलावे लागतात आणि खर्च वाढतो.

दुसरा शत्रू पाणी. घड्याळ जलरोधक असते ते रबरासारख्या पदार्थाच्या बारीक कड्यांमुळे आणि ही कडी वर्षांगणिक कडक होत जातात. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की काचेच्या आत धुके दिसू लागले तर तो इशारा समजावा. आतील पोलादी भागांवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

तिसरा शत्रू धक्का. पूर्वी घड्याळ हातातून पडले की बॅलन्स व्हीलचा आस तुटलाच म्हणून समजावे. १९३० नंतरच्या दशकात 'इन्काब्लॉक'सारख्या स्प्रिंगवर बसवलेल्या माणकांची युक्ती निघाली आणि ही तक्रार फार कमी झाली. चौथा शत्रू चुंबकत्व. ध्वनिवर्धक, चुंबकी पट्टीचे मोबाइलचे आवरण, पर्सचे चुंबकी बटण यांच्याजवळ घड्याळ ठेवले तर केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू लागतात. तिची कामाची लांबी घटते आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावते. घाबरलेला मालक मोठ्या खर्चाची तयारी करून दुकानात जातो. वस्तुतः चुंबकत्व काढणाऱ्या लहानशा यंत्रावर हे काम काही क्षणांत होते. एवढी माहिती असली तरी ग्राहकाचे पुष्कळ पैसे वाचू शकतात.

सर्व्हिसिंग म्हणजे नेमके काय, हेही पाहू. साध्या तीन काट्यांच्या घड्याळातही शंभर-सव्वाशे भाग असतात. घड्याळजी ते सर्व सुटे करतो, विशिष्ट द्रावणात धुतो, भिंगाखाली एकेक तपासतो, झिजलेले बदलतो आणि पुन्हा जुळवतो. जुळवताना सगळीकडे एकच तेल चालत नाही. मुख्य कमानीच्या डब्याजवळ वेग कमी आणि दाब जास्त, तेथे जाड वंगण. वेगाने फिरणाऱ्या आसांना पातळ तेल. एस्केपमेंटच्या माणकांना निराळेच. थेंब कमी पडला तर झीज आणि जास्त पडला तर तेल पसरून स्प्रिंगला चिकटते. त्यानंतर निरनिराळ्या स्थितींत वेग तपासायचा, नवी कडी घालून पाण्याच्या दाबाची परीक्षा घ्यायची आणि काही दिवस चालवून पाहायचे. यात यंत्राने उरकता येईल असे काम थोडे आणि शिकलेल्या हाताचे अधिक. पाश्चात्त्य देशांत नामांकित कंपनीचे साधे स्वयंचलित घड्याळ कंपनीकडूनच दुरुस्त करून घेतले तर कित्येक शे डॉलर लागतात आणि कालमापक असलेल्या क्रोनोग्राफला त्याहून अधिक, ते यामुळेच. ओमेगा कंपनी साधारणतः पाच ते आठ वर्षांनी आणि रोलेक्स साधारणतः दहा वर्षांनी सर्व्हिसिंग करावे असे सुचवते. वापर कसा आहे यावर हे अवलंबून असतेच.

घड्याळ जितके अवघड तितकी ही बाब महाग. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'पर्पेच्युअल कॅलेंडर' असलेले घड्याळ. त्याला महिन्यांचे तीस-एकतीस दिवस कळतात, लीप वर्ष कळते आणि नीट चालत राहिले तर इसवी सन २१०० च्या मार्चपर्यंत तारीख हाताने बदलावी लागत नाही. कारण त्या वर्षी, चाराने भाग जात असूनही, फेब्रुवारीला २९ वा दिवस नाही. कल्पना किती भव्य! पण त्याच घड्याळाचे तेल मात्र सात-आठ वर्षांत सुकते. म्हणजे तारखेचे ज्ञान पाऊण शतकाचे आणि त्या अवधीत घड्याळजीकडच्या खेपा नऊ-दहा. पातेक फिलिप कंपनीने १९८९ साली बनवलेल्या 'कॅलिबर ८९' या खिशातल्या घड्याळात ३३ करामती आणि १,७२८ भाग आहेत. असे यंत्र कोणाही घड्याळजीपुढे ठेवता येणार नाही, हे सांगायला नको.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की महाग घड्याळ म्हणजे पांढरा हत्तीच. पण गेल्या शंभर वर्षांत हे यंत्र सातत्याने अधिक भरवशाचे झाले आहे, हेही मान्य केले पाहिजे. तापमानाने स्प्रिंग सैल-ताठ होऊ नये म्हणून निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवर शार्ल एदुआर गीयोम या स्विस शास्त्रज्ञाने संशोधन केले. घड्याळजीच्या या मुलाला १९२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुटणाऱ्या पोलादी कमानींची जागा मिश्रधातूंनी घेतली. इंग्रज कारागीर जॉर्ज डॅनियल्स याची कमी घर्षणाची एस्केपमेंट ओमेगाने १९९९ साली बाजारात आणली. २००१ साली उलिस नार्दिन कंपनीने सिलिकॉनचे भाग वापरले आणि पुढे सिलिकॉनच्या स्प्रिंगाही आल्या. त्यांना चुंबकाची बाधा होत नाही. २०१३ साली ओमेगाने १५,००० गॉसचे चुंबकी क्षेत्र सोसणारे यंत्र दाखवले.

येथेच या विषयातील खरी मेख आहे. पोलादी स्प्रिंग वाकली तर कुशल घड्याळजी चिमट्याने ती सरळ करतो. सिलिकॉनची स्प्रिंग वाकत नाही, तुटते. आणि तुटली की ती कारखान्याकडूनच मागवावी लागते. म्हणजे बिघाड कमी झाले, पण झालेला बिघाड दुरुस्त करण्याची शक्ती गल्लीतल्या हातांतून कंपनीच्या हातांत गेली. घड्याळाचा भरवसा वाढला, पण मालक अधिक परावलंबी झाला.

आणि कंपनीने सुटा भाग दिलाच नाही तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. बऱ्याच नामांकित कंपन्या आपले सुटे भाग फक्त अधिकृत दुरुस्ती केंद्रांना देतात. या धोरणाविरुद्ध युरोपातील घड्याळ-दुरुस्ती करणाऱ्यांच्या महासंघाने २००४ साली युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने ती २००८ साली फेटाळली. २०१० साली न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आयोगाने पुन्हा चौकशी करून २०१४ साली तक्रार दुसऱ्यांदा फेटाळली आणि २०१७ साली न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तेरा वर्षे चाललेल्या या वादात कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. अडाणी हातांनी महाग यंत्र बिघडते, खोटे भाग घुसडले जातात आणि दोष मात्र कंपनीच्या नावाला लागतो, असे त्यांचे म्हणणे. पण दुरुस्तीची दारे एकाच ठिकाणी उघडत असतील तर तेथे मागितली जाईल ती किंमत द्यावी लागते, हे समजायला अर्थशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या स्वतंत्र कारागिराच्या हातचे काम गेले तर त्याची विद्याही जाते, हा तोटा तर कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

म्हणून घड्याळ घेताना तबकडीवरच्या नावाइतकेच आतील यंत्राकडे पाहावे. 'ईटीए २८२४' किंवा सत्तरच्या दशकापासून चालत आलेले 'वाल्जू ७७५०' अशी काही स्विस यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांच्या घड्याळांत बसवलेली आढळतात. रसिक मंडळी त्यांना सामान्य म्हणून नाके मुरडतात आणि कंपनीने स्वतः बनवलेल्या यंत्राला अधिक मान देतात. पण सामान्य यंत्राचा एक मोठा गुण असा की जगभरच्या घड्याळजींना ते पाठ असते. 'फक्त आमचेच' असे यंत्र अभिमानाचे खरे, पण त्याची दुरुस्तीही 'फक्त आमच्याकडेच'!

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर एचएमटीचे घेता येईल. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हा कारखाना सुरू झाला. त्याचे सतरा ज्वेलचे, किल्लीचे 'जनता' घड्याळ कितीतरी घरांत वडिलांच्या मनगटावर होते. ते उंची नव्हते. पण तालुक्याच्या गावी लाकडी टपरीत भिंग लावून बसलेला घड्याळजी ते तास-दोन तासांत खोलून साफ करून देई. २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला, तरी ती घड्याळे अजून चालवता येतात. कारण एका बंद घड्याळातला भाग दुसऱ्यात बसतो आणि तो बसवणारा हात अजून कोठेतरी आहे. याच्या अगदी उलट टोकाला २०१३ सालचे स्वॉच कंपनीचे 'सिस्टेम ५१' आहे. त्याचे यंत्र अवघ्या ५१ भागांचे, मानवी हात न लागता जुळवलेले आणि कायमचे बंद केलेले. चालेल तोवर उत्तम. उघडून दुरुस्त करण्याची सोयच त्यात नाही.

शेवटी थोडा हिशेब. समजा घड्याळाची किंमत पाच लाख रुपये आहे, दर सात वर्षांनी सर्व्हिसिंग करायचे आहे आणि एका वेळेचा खर्च साठ हजार आहे. हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. अठ्ठावीस वर्षांत चार खेपा, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. किमतीच्या जवळजवळ निम्मी रक्कम! वर्षाकाठी साडेआठ हजारांचे हे भाडेच म्हणायचे आणि त्यात महागाई धरलेलीच नाही. ज्याला हे भाडे जड वाटते त्याने ती किंमतही परवडत नाही असे समजावे. जुने घड्याळ घेणाऱ्याने तर ते मागे केव्हा उघडले होते, कोणी उघडले आणि कोणते भाग बदलले हे विचारल्याशिवाय सौदा करू नये. वर्षातून एकदा पाण्याची परीक्षा करून घ्यावी. तारीख दाखवणाऱ्या घड्याळाची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात किल्लीने बदलू नये, कारण त्या वेळी तारखेची चक्रे एकमेकांत अडकलेली असू शकतात. आणि दुरुस्तीला देताना कोणते मूळ भाग परत हवेत हे लिहून द्यावे.

उंची यांत्रिक घड्याळ न बिघडणारे यंत्र म्हणून विकत घेऊ नये, कारण तसे ते नाही. तेल, भाग आणि हात मिळत राहिले तर ते तीन पिढ्या चालेल. न मिळाले तर कितीही किंमत मोजलेली असली तरी एक दिवस थांबेल. त्याचा भरवसा धातूत थोडा आणि ते उघडून जुळवू शकणाऱ्या माणसांत अधिक आहे. ज्या समाजात अशी माणसे शिकतात, पोट भरतात आणि पुढच्यांना शिकवतात, तेथेच असे घड्याळ वारसा म्हणून मुलाच्या हाती देण्यात अर्थ आहे.